गुण्यात नसलेलं घर

५ जानेवारी २०२५, रविवार

मटार सोलायला बसले की मला एकच दुपार आठवते. १९८९ सालची असावी. घरं नवीन होती. माझ्या नवऱ्याने, हरिहरांनी, आणि त्यांच्या मोठ्या भावाने इथे डोंबिवलीत शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेतले होते आणि बिल्डरच्या मागे लागून मधल्या भिंतीत दार पाडून घेतलं होतं. त्या दारात बसून मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, रंभावहिनी, मटार सोलत होतो. पाय पसरलेले, माझे त्यांच्या घरात आणि त्यांचे माझ्या. मधल्या मोझॅकच्या लादीत काळ्या खड्यांचा एक आकार उमटला होता. वहिनी म्हणाल्या, ही कोंबडी. मी म्हणाले, छे, हा आयर्लंडचा नकाशा. आमच्या शाळेतल्या सिस्टर तिथल्या होत्या आणि तो नकाशा मी झोपेतही काढू शकत असे.

वहिनी माहेरच्या मालवणीत म्हणाल्या, "तुझा आयर्लंड अंडी देता काय गो?"

त्या दुपारी याहून जास्त काही घडलं नाही. मटार संपले, आम्ही उठलो.

आज मी एकटीपुरते पाव किलो मटार सोलत होते, तेवढ्यात हॉलमध्ये धडाम्‌ असा आवाज झाला. मला वाटलं सिलिंडर. जाऊन पाहते तो लाद्यांची एक अख्खी रांग तंबूसारखी वर उचललेली. रांग सरळ त्या मधल्या दारापासून निघून बाल्कनीपर्यंत गेली आहे. दार म्हणजे आता दार नाही, त्याच्यासमोर अकरा वर्षं लोखंडी कपाट आहे.

मग पलीकडून तीनदा ठक ठक ठक झालं. त्यांच्याकडच्याही लाद्या सुटत असाव्यात. थोड्या वेळाने पुन्हा तीनदा. घाबरून माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं, आणि आवाज थांबले.

डायरी मराठीत लिहायची सवय हरिहरांनी लावली. कॉन्व्हेंटच्या शाळेमुळे लग्नाच्या वेळी मला 'कंसात' म्हणजे कुठे तेही ठाऊक नव्हतं. ते रोज रात्री लाल शाईने माझ्या चुका दुरुस्त करत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, चुका आता असतात तिथेच राहतात.

८ जानेवारी, बुधवार

विनीतने बंगळूरहून फोनवर तीन कॉन्ट्रॅक्टर शोधून दिले. माझ्या लेकाला वाटतं की फोनवर सापडलेला माणूस घरीही सापडतो. पहिला आला, दारातूनच म्हणाला, "आंटी, जुन्यावरच नवीन चिकटवून टाकू." मी म्हटलं, खालची फुगली आहे. तो म्हणाला, "वरची दाबून ठेवेल ना." दुसरा येतो म्हणून आला नाही. तिसऱ्याने फोन उचलून मलाच विचारलं, काम कुठे मिळेल.

संध्याकाळी सूरज आला. रंभावहिनींचा मुलगा. आईसारखाच मान वाकडी करून उभा राहतो. "काकी, आवाज झाला त्या दिवशी. आई घाबरली होती. तुम्ही ठीक ना?" मी म्हटलं, ठीक. मग म्हणाला, "आम्ही कोलशेतला शिफ्ट होतोय. बाविसावा मजला. नऊ फेब्रुवारीला ट्रक येईल. हा फ्लॅट विकला. नवीन मालक ते मधलं दार विटांनी बंद करून घेणार आहे, तुम्हाला चालेल ना?"

मी म्हटलं, मला काय फरक पडतो.

नऊ फेब्रुवारी म्हणजे बत्तीस दिवस. उगाच मोजले.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी दाराखालून एक कार्ड आत सरकलेलं होतं. 'दगडू मिस्त्री. लादी, सिरॅमिक, मार्बल. काम सरळ, माणूस सरळ.' पेपरवाल्याने टाकलं असावं. पेपर मात्र तासाभराने आला.

फोन केला. दुपारी दगडू हजर. पन्नाशी उलटलेली, शीळफाट्याजवळ राहतो, कानावर पेन्सिल. एक लोखंडी सळी घेऊन त्याने प्रत्येक लादीवर टिचकी मारली आणि डोळे मिटून ऐकलं. "ही बोलते. ही बोलते. ही मुकी. ही आतून पोकळ, वरून हसतेय." डॉक्टरांनी मला इतकं कधी तपासलेलं नाही.

मग पिशवीतून काहीतरी काढून तो कोपऱ्यात वाकला, बराच वेळ तसाच राहिला, आणि उठून गंभीरपणे म्हणाला, "काकी, राग नका मानू. तुमचं घर गुण्यात नाय."

माझा चेहरा उतरला असणार. बाहेरच्या माणसाला इतक्या लवकर कसं कळलं? सोसायटीत कोणी सांगितलं असेल. मी म्हणाले, "आता मी एकटीच आहे घरात. गुण्याने राहायचं तरी कोणाशी?"

"एकट्याचं पण गुण्यात पाहिजे, काकी. नायतर पहिल्यांदा कळत नाय. शेवटच्या लादीला कळतं."

"एका हाताने होतं का ते? समोरच्यानेही..."

"समोरची भिंत तर अजून वाकडी," तो म्हणाला. "पण सुरुवात आपल्याकडनं करायची."

मी त्याला चहा दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ बसले. कठोर माणूस आहे, पण खोटं बोलला नाही. काम त्यालाच दिलं.

१२ जानेवारी, रविवार

गुण्या म्हणजे काटकोन मोजायचं लोखंडी साधन. दगडू ते माझ्याकडे विसरून गेला, आणि त्याने फोन केला, "काकी, माझा गुण्या राहिलाय तुमच्याकडे." मी घरभर माणूस शोधला.

हरिहरांच्या शब्दकोशात पाहिलं. दिलं आहे. मग गुण्यागोविंदाने नांदणं म्हणजे? त्यातला गुण्या जर हा असेल तर गोविंद कोण? इतकी वर्षं मी हा शब्द लग्नाच्या कार्डांवर वाचत आले.

हे विचारायला आज कोणी नव्हतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

दगडूबरोबर कल्याणला लाद्या पाहायला गेले. रिक्षात त्याने गुण्या मांडीवर ठेवला होता, लहान मुलासारखा. मी गोविंदाचं विचारलं. तो विचारात पडला. शेवटी पत्रीपूल आल्यावर म्हणाला, "हेल्पर असेल."

दुकानातल्या मुलाने मला आयव्हरी, क्रीम, ऑफ-व्हाइट आणि आइस अशा चार लाद्या दाखवल्या. चारही पांढऱ्या. मी जुन्या मोझॅकसारखं काही आहे का विचारलं. त्याने एक काढली. मोझॅकचा फोटो छापलेली सिरॅमिकची लादी! प्रत्येक लादीवर तोच खडा त्याच ठिकाणी. मला ते लबाडीचं वाटलं. खड्यांनी आपापल्या मर्जीने पडायला हवं, तरच त्यात कधीतरी एखादा देश सापडतो.

शेवटी साधी क्रीम घेतली. मग दगडूने खोके फोडून एकेका लादीला गुण्या लावायला सुरुवात केली. मालक गल्ल्यावरून उठून आला.

"काय करतोस रे?"

"बघतोय."

"कंपनीचा माल आहे तो! मशीनमधनं निघतो!"

"मशीन कोणी बसवलं? माणसानेच ना?"

अर्ध्या तासात दुकानातलं गिऱ्हाईक कडेने उभं राहून बघत होतं. एक नवं जोडपं तर आपल्या लाद्यांनाही गुण्या लावून मागू लागलं. मालकाने आम्हाला दोघांना सरबत पाजून बाहेर काढलं.

२२ जानेवारी, बुधवार

हॉल उकरला. मलब्याच्या गोण्या खाली गेल्या. दाराखालची एक लादी मात्र निघेना. बाकीच्या घणाआधीच उडत होत्या आणि ही अर्धी कपाटाखाली, अर्धी दाराच्या पलीकडे, ढिम्म. दगडू म्हणाला, "ही दोन घरांत पाय ठेवून बसलीय. हिला आता नको." मी वाकून पाहिलं. आयर्लंडचा पश्चिम किनारा दिसत होता.

फ्रिज बाल्कनीत आहे. पलंग लाद्यांच्या खोक्यांवर चढवला आहे, मी शिडीने झोपायला जाते. जेवायचं टेबल म्हणजे दोन खोकी, त्यांवर लिहिलंय 'नाजूक माल, उलटा ठेवू नये'. विनीतला फोटो पाठवला. त्याने विचारलं, "आई, हे खोक्याबद्दल आहे की तुझ्याबद्दल?"

गॅस बंद, म्हणून मी बिस्किटं खाणार होते. दगडूने दुपारी स्टीलचा डबा पुढे केला. "बायकोने दिलाय तुमच्यासाठी." आत सोलकढी, भात आणि बांगड्याचं तिखलं, तिरफळं घातलेलं. शीळफाट्याला तिरफळं! मी पहिला घास घेतला आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. तिखट होतं.

डब्याच्या तळाशी 'रं' कोरलेलं आहे. मी म्हटलं, "तुझ्या बायकोचं नाव रंजना का रे?" तो लादीवर टिचकी मारत म्हणाला, "असेल."

या कामकरी माणसांना बायकोच्या नावाची इतकी लाज का वाटते कळत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

अजून एकही लादी बसलेली नाही. दगडू सकाळी येतो, लाद्या कोरड्याच मांडतो, बघतो, पुन्हा उचलतो. त्याने आतापर्यंत गुण्यात आणलेल्या वस्तू: सोफा, कॅलेंडर, देव्हारा, हरिहरांचा फोटो, आणि खुर्चीत बसलेली मी ("काकी, जरा डावीकडे. हां."). माझ्या पोळीकडे बघून तो सुस्कारा टाकतो.

आज दुपारी कपाटाला पाठ टेकून बसला आणि म्हणाला, "काकी, आता खरं सांगू? पलीकडच्यांशी तुमचं सूत जुळत नाय."

मी उठून उभी राहिले. गुण्याच्या वेळी मी मूर्ख ठरले होते, पण हे वाक्य मला पुरतं कळत होतं. मी म्हणाले, "दगडू, लाद्या बसवायला आला आहेस, लाद्या बसव. माझ्या आणि माझ्या जावेच्या मध्ये काय झालं ते माझं मला पुरे आहे. एका बाईने तेराव्याच्या दिवशी चारचौघांत दुसरीला आगाऊ म्हणावं, आणि वर तिनेच जाऊन आधी बोलावं, हा कुठला न्याय?"

दगडूने खिशातून दोऱ्याची गुंडी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"हे सूत, काकी," तो हळूच म्हणाला.

मग त्याने समजावलं. दोन्ही फ्लॅट एकाच तुळईखाली आहेत आणि मूळच्या लाद्या दोन्ही घरांत मिळून एकाच दोरीने बसवल्या होत्या. ती रेघ पलीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून माझ्या बाल्कनीपर्यंत आहे. दार उघडून दोरी आरपार ताणली तरच माझा हॉल सरळ होईल. नाहीतर बाल्कनीशी तीन सुतांचा फरक येणार. तो इंचाच्या आठव्या भागालाही सूतच म्हणतो. म्हणजे एकाच शब्दात दोरी, रेघ आणि माप अशी तीन सुतं होती आणि मी चौथंच धरलं.

"मला चालेल तीन सुतांचा फरक," मी म्हणाले.

"मला नाय चालणार. आणि काकी, आगाऊ सांगून ठेवतो. नऊ तारखेला मावशी गेली की नवीन मालक भिंत घालेल. मग सूत कुठनं घेऊ?"

आगाऊ सांगून ठेवतो, म्हणाला.

नंतर

त्या दिवशी काय झालं ते मी इथे कधीच लिहिलं नाही, कारण हरिहर वाचत असत. सासूबाईंच्या तेराव्याला मी पत्रावळ्या, आचारी, बामण, सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. पानं वाढत होते. आतून वहिनींचा आवाज आला, पाहुण्यांना सांगत होत्या, "आमच्या धाकटीचा सगळा आगाव." बायका हसल्या. माझ्या हातात आमटीचा डाव होता, मी तो ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी कपाट सरकवून घेतलं.

लहानपणी आई मला आगाऊ म्हणायची ती कान धरून. मला त्या शब्दाचे दोन्ही अर्थ माहीत होते. आगाऊ म्हणजे आधीच केलेलं, हेही माहीत होतं. पण त्या दिवशी एकच ऐकू आला. दुसरा ऐकू यायला अकरा वर्षं आणि एक गवंडी लागला, असं असेल तर ते फार लाजिरवाणं आहे. म्हणून तसं नसावं.

२९ जानेवारी, बुधवार

काम बंद. दगडू येतो, कपाटाकडे बघत बसतो, डबा देतो, जातो. आज कुळथाची पिठी होती. जरा खारट, पण मी बोटं चाटली. रंजनाला निरोप दिला की मीठ किंचित कमी. दगडू म्हणाला, "मी नाय सांगणार."

भिंतीपलीकडे दिवसभर ठाकठूक. खिळे काढत असतील, सामान बांधत असतील. अकरा दिवस राहिले.

समजा मी गेले आणि म्हटलं, वहिनी, जरा दोरी लावायची आहे. यात मी आधी बोलले असं होत नाही. हे कामाचं बोलणं झालं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मी दगडूला म्हटलं, "कपाट सरकव. फक्त सुतापुरतं."

कपाटामागे दार जसंच्या तसं होतं. माझ्या बाजूची कडी गंजून बसली होती, ती दगडूने हातोडीने उडवली. दार ढकललं आणि ते आवाज न करता सताड उघडलं. पलीकडे कपाट नव्हतं, कडीही लावलेली नव्हती. बिजागऱ्यांना खोबरेल तेल लावलेलं होतं, ताजं, ओघळ दिसत होते. सामान हलवताना सांडलं असेल.

खोक्यांच्या मध्ये, पाटावर, रंभावहिनी बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे. अकरा वर्षांत मी त्यांना जिन्यात पाहिलंच होतं, पण बसलेलं नव्हतं पाहिलं.

"काय गो धाकटे," त्या म्हणाल्या. "बारीक झालंस."

मी म्हणाले, "दोरी लावायची आहे."

"लाव. कोण नको म्हणता?"

दगडूने दोरीचं एक टोक त्यांच्या हाती दिलं आणि त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसवलं. दुसरं टोक घेऊन मी माझ्या बाल्कनीशी. दोरी दारातून आरपार गेली. "ताणून धरा. हलायचं नाय. ढिली पडली तर पुन्हा पहिल्यापासनं. मी रेघ मारायला निळीची पूड घेऊन येतो, दोन मिनटात." आणि तो गेला.

निळीची पूड त्याच्या पिशवीत वरच दिसत होती. मी ओरडून सांगणार होते, पण तो जिना उतरून गेला होता. विसराळू आहे.

तर आम्ही दोघी, एक बासष्टची आणि एक चौऱ्याहत्तरची, दोन घरांच्या दोन टोकांना दोरी धरून बसलो होतो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाल्कनीतला फ्रिज घरघरत होता.

"माजा नाक खाजता गो," तिकडून आवाज आला.

"डाव्या हाताने खाजवा."

"डावो हात सुतावर आसा."

"मग उजव्याने."

"उजव्या हातान स्टूल धरलंय, पडान."

मी म्हटलं, "श्वास रोखून धरा, जातं ते." सिस्टरांनी शिकवलेला उपाय. थोड्या वेळाने दोरी थरथरू लागली. मला वाटलं त्या पडताहेत. त्या हसत होत्या.

मग मी विचारून टाकलं. दोरीकडे बघून विचारलं, त्यांच्याकडे नाही. "वहिनी, तेराव्याला तुम्ही मला आगाऊ म्हणालात ते कोणत्या अर्थाने?"

तिकडे स्टूल करकरलं. मग, "म्हणान कपाट लावलंस?"

"हो."

"अकरा वर्सां?"

"हो."

"अगो, माका वाटला माझ्या हातान काय झाला. सासूबायच्यो बांगड्यो वाटताना तुझ्याकडे बारीक गेल्यो म्हणान रागावलंस, असा मी समजलंय."

"तुम्ही विचारलं का नाही मग?"

"तू बोलूक नाय, म्हणान मी बोलूक नाय."

"पण अर्थ कोणता होता?"

"आता माका काय आठवता? तू आगाव होतंसच. आणि सगळा आगाव करून ठेवायचंस, ताय खरा. दोनय अर्थ घे नि गप रव. सूत ढिला पडता."

मी दोरी ताणली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, ते तसेच वाहू दिले. तिकडेही काही वेगळं नसावं, कारण दोरी पुन्हा थरथरत होती आणि या वेळी हसण्याचा आवाज नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "बुधवारी पिठी खारट झाली काय गो?"

"कुठली पिठी?" मी म्हटलं. बुधवारी मी दगडूच्या बायकोची पिठी खाल्ली होती. वहिनींकडची खाऊन तर अकरा वर्षं झाली. मी हळुवारपणे त्यांना तसं सांगितलं. या वयात वार-दिवस असे एकमेकांत मिसळतात, सूरजला सांगायला हवं.

दगडू पन्नास मिनिटांनी आला. पूड न आणताच. तोंडाला वडापावचा वास. दोरी बघितली, गुण्या लावला, उठला, चष्मा पुसून पुन्हा लावला. "बरोबर आहे की," तो जवळजवळ निराश होऊन म्हणाला. "दोन्ही घरं धरली तर एकदम गुण्यात. एकेक धरलं तर वाकडं. तुम्ही मध्ये कपाट ठेवून मोजत होता."

५ फेब्रुवारी, बुधवार

हॉल झाला! चार दिवसांत. मी आणि वहिनी दारात खुर्च्या टाकून दगडूच्या चुका काढत बसतो. तो एकही सापडू देत नाही म्हणून त्या रागावतात.

दारातल्या लादीचा प्रश्न उरला. नवीन मालक भिंत घालणार म्हणजे ती गाडली जाणार. वहिनी म्हणाल्या, "माजी कोंबडी मी थंय सोडूची नाय." मी म्हणाले, आयर्लंड माझा आहे. दगडू म्हणाला, जुनी लादी कटरने फुटते, आगाऊ सांगतो. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "काप."

फुटली नाही. बरोबर दाराच्या रेषेवर कापली गेली. कोंबडीचं डोकं वहिनींकडे गेलं, शेपूट माझ्याकडे. माझ्या हिशेबाने डब्लिन त्यांच्याकडे गेलं, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

ट्रक नऊला येणार होता, अकराला आला. तेवढ्या वेळात वहिनीने आणि मी दारात बसून दोन किलो मटार सोलले. पाय फार पसरता येत नाहीत आता, तिच्या गुडघ्यांमुळे आणि माझ्या कंबरेमुळे. ती म्हणते आहे की 'तुम्ही' पुरे झालं, म्हणून इथे 'ती' लिहिते. हरिहरांनी हे लाल केलं नसतं.

निघताना तिने लादीचा अर्धा तुकडा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतला. सूरज म्हणाला, "आई, ट्रकमध्ये टाक ना." ती म्हणाली, "कोंबडी ट्रकात घालतत?"

दुपारी मी भिंतीवर तीनदा ठकठक केलं. का ते माहीत नाही. रिकाम्या घरात चांगला घुमला आवाज. आणि मग एकदम आठवला तो मटार सोलतानाचा रविवार, पाच जानेवारीचा, आणि तीनदा झालेलं ठक ठक ठक. लाद्या अशा मोजून तीनदा सुटतात का? दगडूला विचारायला हवं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंत पूर्ण झाली. कोलशेतला जायचं तर रिक्षा, गाडी, पुन्हा बस. मंगळवारी जाऊन आले. बाविसाव्या मजल्यावरून खाडी दिसते. तिने कोंबडीचं डोकं गॅसच्या ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलं आहे. सूनबाई म्हणाली, "काकी, हे नक्की काय आहे?" आम्ही दोघींनी दोन उत्तरं दिली.

परतताना गाडीत मनात आलं की काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. मला काहीही झालेलं नाही, विनीत, लगेच फोन करू नकोस. पण माझ्यानंतर असं करावं.

उरलेल्या सात क्रीम लाद्या पलंगाखाली आहेत. त्या भिंतीपलीकडच्या नव्या मालकाला द्याव्यात, मागितल्या नाहीत तरी. त्याच्याकडच्याही एक दिवस उडणार, एकाच तुळईखाली आहोत. हरिहरांचा शब्दकोश दगडूला. त्याला वाचायची सवय नाही, पण गोविंदाचं कोडं त्याच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, परवाही फोन आला होता. लोखंडी कपाट कोणालाही द्यावं, फक्त घेणाऱ्याच्या घरात ते कुठे ठेवणार ते आधी विचारावं. दाराशी ठेवणार असेल तर देऊ नये.

तळाला 'रं' असलेला स्टीलचा डबा दगडूच्या बायकोला, रंजनाला, परत जावा. रिकामा देऊ नये. काहीतरी गोड घालावं. तिला भेटायचं राहूनच गेलं.

या डायऱ्या तुझ्या. लाल शाईतलं काही बदलू नये. निळ्या शाईतल्या चुका दुरुस्त करायला हरकत नाही, पण त्यासाठी मराठी नीट यायला लागतं, तेव्हा राहू दे.

आणि देव्हाऱ्यात खाली, पिवळ्या फडक्यात, लादीचा अर्धा तुकडा आहे. तो कोलशेतला, बाविसाव्या मजल्यावर, रंभावहिनीकडे न्यायचा. कुरिअरने पाठवायचा नाही, तू स्वतः न्यायचास, आणि तिच्या अर्ध्या तुकड्याशेजारी जुळवून ठेवायचास. ती आधी गेली तर सूरजने तिचा अर्धा माझ्याकडे आणावा, हे मी त्याला सांगितलं आहे. तो म्हणाला, "काकी, आत्तापासून कशाला?" तुकडे जुळले की कोणीतरी तिथेच ठरवून टाकावं, कोंबडी की आयर्लंड. कोंबडी म्हणालात तरी माझी हरकत नाही.

हे सगळं मी आगाऊ लिहून ठेवते आहे. दोन्ही अर्थांनी.